बर्लिनला चौघं जायचं म्हणतोय: ६५ हजार युरोत घर चालेल का?

गोधडी
४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

नवऱ्याला बर्लिनच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. वर्षाला ६५,००० युरो, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना), करार थेट तिथल्या कंपनीशी. जानेवारीत रुजू व्हायचंय. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. घराचा हप्ता ४६ हजार, तो अजून अकरा वर्षं आहे. सासू-सासरे आमच्याबरोबरच असतात. सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांची औषधं आणि तपासण्या आमच्याकडेच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घराजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. खर्च वजा जाता महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार सुटतात.

नातेवाईक '६५ लाख' म्हणून मोकळे झालेत. दीर म्हणतात, एवढ्या पैशात विचार कसला करायचा! पण मी शोधते तिथे एकट्या मुलाचे नाहीतर विद्यार्थ्यांचे खर्च सापडतात. चौघांचं घर, शाळा, दवाखाना, इथला हप्ता आणि माझी बंद होणारी कमाई, हे सगळं धरून कोणी हिशोब मांडलाय का? जे प्रत्यक्ष राहिलेत त्यांनी सांगा. मन राखायला म्हणून काही सांगू नका, जे आहे ते सांगा.

स्प्रेकाठ
४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:०५

गोधडी, आम्ही सात वर्षं बर्लिनमध्ये आहोत, दोन मुलं, आणि पहिली तीन वर्षं एकाच पगारावर काढली. म्हणून लिहितो.

आधी हातात काय येतं ते बघू. ६५ हजार म्हणजे महिना ५,४१७ ग्रॉस, कर आणि विमे कापायच्या आधीचे. त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे साधारण साडेआठ, आणि म्हातारपणी लागणाऱ्या शुश्रूषेचा जो वेगळा विमा असतो त्याचे, दोन मुलं असल्यामुळे, १.५५ टक्के जातात. हे सगळे मिळून अकराशेच्या वर. मग आयकर. दर महिन्याला किती कर कापायचा ते कर-वर्गावर ठरतं. तुम्ही तिथे येऊन नोंदणी केलीत की नवऱ्याला अर्ज करून तिसरा कर-वर्ग घेता येतो, मग कर पाचशेच्या आसपास बसतो. हातात पावणेचार हजार. त्यात दोन मुलांचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये प्रत्येकी २५५, जानेवारी २०२६ पासून २५९. म्हणजे महिन्याला घरात येणारे सुमारे ४,२५० ते ४,३००.

नवरा आधी एकटा गेला तर मात्र तुम्ही पोचेपर्यंत त्याला पहिला कर-वर्ग लागतो. तेव्हा हातात ३,३५० च्या आसपास येतील. त्याच कॅलेंडर वर्षात तुम्ही तिथे राहायला आलात तर वर्षाअखेरीचं विवरणपत्र एकत्र भरता येतं आणि जास्तीचा कर परत मिळतो. पण ते पैसे पुढच्या वर्षी येतात, तोवर हात आखडता ठेवावा लागतो.

आता खर्च. आज नव्याने शोधणाऱ्याने दोन बेडरूम आणि हॉलच्या घराचं वॉर्म रेंट १,७०० धरावं. वॉर्म म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून. वीज त्यात नसते, तिचे ९० वेगळे. इंटरनेट ३५. रेडिओ-टीव्हीचं शुल्क प्रत्येक घराला सक्तीचं आहे, १८.३६, घरात टीव्ही नसला तरी. किराणा आणि घरातलं वरकड ७५०. तुमच्या दोघांचे जर्मनीभर चालणारे पास २०२५ च्या ५८ प्रमाणे ११६, जानेवारी २०२६ पासून प्रत्येकी ६३. मोबाइल, दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर), मुलाच्या बालवाडीतल्या जेवणाचे पैसे असे साठ-सत्तर. कपडे, बूट, वाढदिवस, केस कापणं, रविवारी कुठे गेलात तर, याचे साडेतीनशे. ही बेरीज ३,१०० च्या पुढे जाते.

उरले अकराशे-साडेअकराशे. त्यातून पुण्याचा हप्ता, आजच्या दराने ४५० युरो. आई-वडिलांसाठी दीडशे. वर्षातून एकदा चौघांनी भारतात यायचं तर तिकिटांचे तीन हजारांच्या वर जातात, ते महिन्यावर पाडले की अडीचशे-पावणेतीनशे. बर्लिनहून मुंबईला थेट विमान नाही, आणि मुलगी शाळेत गेली की सुट्टीतच यावं लागतं, तेव्हा तिकिटं सगळ्यात महाग असतात.

शिल्लक अडीचशे-तीनशे युरो. तुमच्या ६५ लाखांचं महिनाअखेरीला हे होतं. घर चालेल, नीट चालेल, मुलांना काही कमी पडणार नाही. पण पुण्यात आज दोघं मिळून जेवढं बाजूला टाकता तेवढं तिथे एका पगारावर पडणार नाही. हे माहीत असून जायचं असेल तर जरूर जा. मी गेलो आणि राहिलो.

किटाआई
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:२०

स्प्रेकाठ यांचा हिशोब बरोबर आहे. मुलांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण इथे बर्लिन इतर राजधान्यांपेक्षा खूप वेगळं आहे.

किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून शाळेत जाईपर्यंतच्या सगळ्या मुलांना त्याची फी नाही. जेवणाचे महिन्याला २३ युरो भरायचे, आणि काही किटा योगा, सेंद्रिय नाश्ता वगैरेसाठी थोडे जास्त मागतात. माझी बहीण लंडनला आहे. तिचा निम्मा पगार पाळणाघरात जात होता, म्हणून तिने दोन वर्षं नोकरी सोडली. बर्लिनमध्ये निदान हे पैशासाठी करावं लागत नाही. जागा मिळवणं मात्र कष्टाचं आहे. आधी युगेंडआम्टकडून, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडून, गुटशाईन, म्हणजे किटाचं कूपन, घ्यायचं, मग जवळपासच्या किटांना फोन, मेल, प्रत्यक्ष भेट. मी एकोणीस ठिकाणी नाव दिलं होतं. विसाव्या ठिकाणी, मुलाला घेऊन दारात उभी होते तेव्हा, बाईंनी आत बोलावलं आणि म्हणाल्या, एक कुटुंब गाव सोडून चाललंय, सोमवारी या.

मुलीची शाळा सरकारी असेल तर फी नाही. पहिली ते सहावी दुपारचं जेवण फुकट आहे, २०१९ पासून. शाळेनंतर मुलं थांबतात त्याला होर्ट म्हणतात, तोही पहिली ते तिसरीला फुकट. शहरातल्या बस-मेट्रोचा विद्यार्थी पास फुकट, अर्ज मात्र करायला लागतो. मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला तिकीटच नाही. औषधं डॉक्टरांनी लिहून दिली तर मुलांची फुकट. आणि नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यात तुम्ही आणि दोन्ही मुलं वेगळा हप्ता न भरता येता. ६५ हजारांच्या पगाराला सरकारी विमा सक्तीचाच आहे. खासगीत जायला २०२५ मध्ये ७३,८०० च्या वर पगार लागत होता. पुढे कधी तो वाढला आणि कोणी खासगी विम्याचा स्वस्त हप्ता दाखवला तर आधी विचारा, चौघांचा किती. तिथे प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता असतो.

किंडरगेल्डचा अर्ज आल्या आल्या करा. मागचे फक्त सहा महिनेच मिळतात. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आमचे तीन महिने बुडाले.

हापूस_पेटी
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:०२

एक विचारू का? कंपनी स्थलांतराचा खर्च देते आहे का? ऑफर सही करायच्या आधी मागा. पगारात हजार-दोन हजार वाढवून घेण्यापेक्षा तीन महिन्यांचं तात्पुरतं घर आणि तिकिटं मागून घ्या. ते कंपन्या जास्त सहज देतात.

मुक्काम_श्पांडाउ
५ ऑक्टोबर २०२५, दुपारी १:३०

घराबद्दल सगळे एका ओळीत लिहून पुढे जातात. खरं तर सगळा प्रश्न घराचाच आहे, म्हणून मी सविस्तर लिहितो.

मी डिसेंबरात आलो, बायको-मुलगी मार्चमध्ये यायच्या होत्या. कंपनीने सहा आठवड्यांचं सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं, पण तिथे आनमेल्डुंग होत नव्हती. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. कायद्याने राहायला आल्यावर चौदा दिवसांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. ती नाही तर टॅक्स नंबर नाही. टॅक्स नंबर नाही म्हणून पहिल्या महिन्याला मला सहावा, म्हणजे सगळ्यात जास्त कापणारा, कर-वर्ग लागला. पगाराची स्लिप हातात घेतली आणि वाटलं की काहीतरी चुकलंय. चुकलं काहीच नव्हतं. ते पैसे नंतर परत आले, पण तो महिना मी घरून मागवलेल्या पैशांवर काढला.

मग घरशोध. जर्मनीत भाडेकरूचा पैशाचा इतिहास दाखवणारा शूफा नावाचा दाखला मागतात. नव्याने आलेल्याकडे तो कुठून असणार? मी तीन पगाराच्या स्लिपा मिळेपर्यंत थांबलो, करार, पासपोर्ट, कुटुंबाचा फोटो आणि आमची ओळख करून देणारं एक पानी पत्र असं सगळं एका पीडीएफमध्ये करून ठेवलं. घर बघायला जिन्यात रांग असायची, खालच्या दारापासून चौथ्या मजल्यापर्यंत. पंच्याहत्तर अर्ज केले, नऊ घरं बघायला मिळाली, दहावं लागलं.

मध्ये एकदा फसता फसता वाचलो. शार्लोटेनबुर्गमध्ये तीन खोल्या, वॉर्म ९५०. फोटो सुरेख. मालक म्हणाला, मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. बायको फोनवर म्हणाली, 'पुण्यात तू असं घर घेतलं असतंस का?' तिथेच थांबलो. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही देऊ नका. आणि डिपॉझिट काल्ट रेंटच्या, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून नुसत्या भाड्याच्या, तीन महिन्यांपेक्षा जास्त कोणी मागू शकत नाही. कायद्याने ते तीन समान हप्त्यांत देता येतं. घर मिळाल्यावर मी हे विचारलं, मालकीणबाईंनी लगेच मान्य केलं.

घर लागलं ते श्पांडाउला. पश्चिम टोकाला, ऑफिसला पन्नास मिनिटं. ८१ चौरस मीटर, वॉर्म १,४८०, ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चावी मिळाली त्या दिवशी संध्याकाळी एक बॅग घेऊन गेलो. बाहेर अंधार पडला होता. दार उघडलं, बटण दाबलं, दिवा लागेना. मग मोबाइलच्या उजेडात दिसलं, छताला दिवेच नाहीत, प्रत्येक खोलीच्या मधोमध दोन वायरी लोंबताहेत. स्वयंपाकघरात एक शेगडी आणि एक सिंक, बाकी नुसत्या भिंती. ओटा नाही, कपाट नाही, फ्रीज नाही. भांडी ठेवायला जमीन. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेला होता. इथे ते त्याचंच असतं. त्या रात्री खिडकीच्या कट्ट्यावर डाळ-तांदूळ ठेवून खिचडी केली आणि ती उभ्याने खाल्ली. भूक लागली होती म्हणून असेल, पण फार चांगली झाली होती.

म्हणून सांगतो, जाहिरातीत 'आइनबाउक्यूशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द शोधा, लिहिताना बऱ्याचदा त्याचं नुसतं 'ईबीके' करतात. नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून त्याचं स्वयंपाकघर विकत घेता येतं का ते विचारा. पाचशे-आठशेत सुटतं. नवीन बसवायला मला अडीच हजार लागले, आणि शेगडी जोडायला इलेक्ट्रिशियन वेगळा.

सगळं मिळून पहिल्या तीन महिन्यांत माझे डिपॉझिट, पहिलं भाडं, तात्पुरत्या घराचे वाढीव दिवस, स्वयंपाकघर, पलंग-गाद्या, वॉशिंग मशीन आणि तिकिटं धरून चौदा हजार युरो गेले. पगारावर घर चालेल का हा प्रश्न चौथ्या महिन्यापासूनचा. आधीचे तीन महिने बचतीवर काढायचे असतात. तुमच्याकडे पंधरा लाख मोकळे आहेत का, हे आधी बघा.

गोधडी
५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१५

वाचून थोडा वेळ गप्प बसले. नवऱ्यालाही वाचायला दिलं. छतावरच्या वायरींचं वाचून तो म्हणाला, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पंधरा लाख आहेत, एफडी मोडावी लागेल. दोन प्रश्न. एक, पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन सासू-सासऱ्यांना दिरांकडे ठेवायचं असं दीर म्हणतात. मला ते नको आहे. दोन, माझं काय? ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला काम करायची मुभा असते हे वाचलं. पण फिजिओथेरपीचं नक्की काय करायला लागतं?

स्प्रेकाठ
५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

पहिल्याचं उत्तर मी देऊ नये, तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. फक्त एवढंच, भाड्याचे पंचवीस हजार येतील म्हणून हिशोब जमतोय आणि म्हातारी माणसं पंधरा वर्षांच्या खोलीतून हलताहेत, असं असेल तर तो हिशोब जमलेला नाही असं समजा. हप्ता पगारातून भरा. जमतो, वर दाखवलाच आहे.

तीन_वर्षं_वेडिंग
६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६:५०

आम्ही परत आलो, म्हणून आमचंही ऐका. २०२०च्या सुरुवातीला गेलो, २०२३ मध्ये परत. नवऱ्याचा पगार तुमच्यासारखाच, घर बर्लिनच्या वेडिंग भागात, चांगलं. पैशांचं ओझं नव्हतं. परत येण्याचं कारण मी होते.

मी इथे बँकेत अधिकारी होते. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला जर्मनचं प्रमाणपत्र न देता व्हिसा मिळतो, म्हणून एकही वर्ग न करता गेले. वाटलं, तिथे जाऊन शिकेन. तिथे गेल्यावर मुलगा दोन वर्षांचा, किटा मिळाली नाही, करोनात सगळं बंद. वर्षभर मी घर, दुकान आणि बागेतला घसरगुंडीचा कोपरा एवढंच केलं. डॉक्टरांकडे बोलायला नवऱ्याने सुट्टी काढायची. घरी आलेलं पत्र त्याने रात्री वाचून दाखवायचं. पंधरा वर्षं स्वतःच्या सहीने कर्जं मंजूर करणारी मी, पोस्टमनने पार्सल शेजारी ठेवलंय हे सांगितलेलं मला कळायचं नाही.

नवरा चांगला आहे, त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण खात्यात माझं म्हणून काही येत नव्हतं, आणि मीच दर खरेदीला दोनदा विचार करायचे. हिशोबात माझा पगार गेल्याचे पैसे धरले होते. असं होईल हे धरलं नव्हतं.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. भाषा करून जा. पुण्यात आहात, मॅक्स म्युलर भवन जवळ आहे.

पाठदुखी_बर्लिन
६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:१०

गोधडी, मी फिजिओथेरपिस्टच आहे, कोल्हापूरची, आणि आज बर्लिनमध्ये काम करते. त्यामुळे हा धागा बघून सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले.

आपला व्यवसाय तिकडे परवान्याचा आहे. पदवी मान्य झाल्याशिवाय 'फिजिओथेरपिस्ट' म्हणून काम करता येत नाही. बर्लिनमध्ये अर्ज लागेसो या आरोग्य आणि समाजकल्याणाच्या राज्य कार्यालयाकडे करायचा. तिथे आपला अभ्यासक्रम त्यांच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी विषयवार, तासवार ताडून बघतात. आपली पदवी साडेचार वर्षांची, इंटर्नशिप धरून, तरी त्यांना हवे ते काही विषय आपल्याकडे कमी भरतात. मसाज आणि हाताने करायच्या काही उपचारांचे तास माझे कमी भरले. मग दोन वाटा असतात. एक तर ठरावीक काळ त्यांच्या संस्थेत शिकत काम करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. आणि दोन्हींसोबत बी-टू पातळीची, म्हणजे कामात सफाईने बोलता-लिहिता येईल अशी, जर्मन.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगते. निघायच्या आधी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून आणि कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे तास, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळे, शिक्क्यासकट लेखी घ्या. इंटर्नशिपच्या प्रत्येक पोस्टिंगचे तास घ्या. कौन्सिलची नोंदणी घ्या. मी हे न घेता गेले. मग सोळा महिने माझे वडील कोल्हापूरहून कॉलेजला खेपा घालत होते, आणि मी तिकडे वाट बघत बसले होते. ते सोळा महिने मी आयुष्यातून वजा करते. तुम्हाला ते वजा करावे लागू नयेत.

काम मिळेल का, तर मिळेल. फिजिओथेरपिस्ट तिकडे कमी आहेत. मला मान्यता मिळायच्या आधीच एका प्रॅक्टिसने सांगून ठेवलं होतं की कागद आला की ये. आज मी आठवड्याला तीस तास काम करते, ग्रॉस २,५०० च्या आसपास. नवरा तिसऱ्यात आणि मी पाचव्या कर-वर्गात असते तर त्यातला बराच भाग गेला असता, म्हणून आम्ही दोघांनी चौथा घेतला. वर्षाचा कर शेवटी तेवढाच बसतो. पण दर महिन्याला माझ्या नावावर किती येतात, याने मला फरक पडतो. शिवाय पुढे बाळंतपण किंवा बेकारी भत्ता आला तर तो हातात येणाऱ्या पगारावरच ठरतो.

वर स्प्रेकाठ यांनी मांडलेल्या हिशोबात महिन्याचे अडीचशे-तीनशे उरतात. त्यात बाईचे पंधराशे घालून बघा. तेच घर, तीच शाळा, तोच हप्ता, पण सगळं हलकं होतं.

आणि एक. पहिल्या आठवड्यात एक आजी आल्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या. माझं जर्मन अडखळत होतं. त्यांनी माझा हात धरून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, हाताला कळतंय ना, मग झालं. आपली विद्या तिकडेही कामाला येते. फक्त तिचे कागद नीट घेऊन जा.

तुरीचं_वरण
६ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ६:३०

खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

बाहेर खाणं महाग, घरी खाणं स्वस्त. दूध, बटाटे, कांदे, गाजर, सफरचंद, दही सहज परवडतं. भेंडी, कढीपत्ता, ओला नारळ मिळतो पण भारतीय दुकानात, आणि जपून वापरावा अशा भावात. तुरीची डाळ, पोहे, शेंगदाणे, हिंग सगळं मिळतं, सामानात त्याचं वजन करू नका. मसाला, गोडा आणि काळा, घरचा न्या. तुर्की दुकानांतून कोथिंबीर, पुदिना, वांगी आणि मेथीसुद्धा जुड्यांनी मिळते. नॉयकोल्नच्या माइबाखउफरवर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. संध्याकाळी आवरायच्या वेळी गेलं की भाव उतरलेले असतात.

पोळ्यांसाठी साधं गव्हाचं पीठ, टाइप ४०५, घेऊ नका. तो मैदाच आहे, पोळी वातड होते. भारतीय दुकानातली दहा किलोची कणीक घ्या.

आणि क्वार्क, चक्क्यासारखं घट्ट दही. पाचशे ग्रॅमचा मागरक्वार्कचा डबा दीड युरोच्या आत येतो. फडक्यात बांधून तीन-चार तास टांगला, साखर, वेलची आणि केशर घालून फेटला की श्रीखंड. रात्रभर दही टांगून चक्का करायची कटकट नाही. आमच्याकडे पाडव्याला आठ कुटुंबं जमतात, सगळ्यांचं श्रीखंड पंधरा युरोत होतं.

बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि पेयांच्या कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये टाकले की पावती मिळते. आमच्या मुलांचा तो पॉकेटमनी आहे.

किटाआई
६ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ७:१५

आणि मुलांचे हिवाळी कपडे नवीन घेऊ नका, भारतातूनही आणू नका. तिथली थंडी सोसणारे ते कपडे नसतात. क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर किंवा शाळेच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात स्नो-सूट दहा-पंधरा युरोत मिळतो, आणि मूल एका हिवाळ्यात तो पुरता वापरत पण नाही तोवर वाढतं. सायकलीही तशाच. बर्लिनमध्ये लोक वस्तू फूटपाथवर खोक्यात 'भेट' म्हणून लिहून ठेवतात. आमचं पुस्तकांचं कपाट तसंच आलं. सुरुवातीला मला उचलायला लाज वाटायची. आमच्या इमारतीतल्या आजींनीच दुसरं टोक धरलं आणि वर आणून दिलं.

मुक्काम_श्पांडाउ
६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:००

एक राहिलं. हीटिंगचे पैसे वॉर्म रेंटमध्ये अंदाजाने घेतात. वर्षानंतर खरा हिशोब येतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या खोल्या चोवीस तास गरम ठेवल्या, वर खिडकीची फट उघडी. वर्षाने ६४० युरो भरा म्हणून पत्र आलं. त्यासाठी महिन्याला पन्नास बाजूला ठेवा. आणि पत्र आलं की लगेच भरू नका, आधी भाडेकरू संघटनेकडून, म्हणजे मीटरफेराइनकडून तपासून घ्या. वर्षाची वर्गणी भरून सभासद झालं की ते वकिलाकरवी बघून देतात. आमच्या पत्रात लिफ्टच्या देखभालीचे पैसे लावले होते आणि इमारतीला लिफ्टच नाही.

गोधडी
११ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री मुलं झोपली की हा धागा उघडून आम्ही दोघं वहीत हिशोब मांडत होतो. काल सासू-सासऱ्यांनाही वाचून दाखवला. सासरे म्हणाले, फ्लॅट हलवायचा नाही हे बरं केलंत, पण औषधांचे पैसे माझ्या पेन्शनमधून जातील, ते तुमच्या वहीतून खोडा. मी खोडले नाहीत. निम्मे केले.

असं ठरलंय. नवरा जानेवारीत एकटा जाईल. कंपनीकडे तीन महिन्यांचं घर मागितलं होतं. दोन महिन्यांचं मिळालं, आनमेल्डुंग होईल असं लेखी घेऊन. आम्ही जूनमध्ये जाऊ, म्हणजे मुलीचं इथलं वर्ष पूर्ण होईल आणि त्याच वर्षात एकत्र विवरणपत्रही भरता येईल. तोवर मी क्लिनिक सकाळचंच ठेवणार आहे आणि संध्याकाळी जर्मन. ए-वन आणि ए-टू इथेच करायचं, जमलं तर बी-वनची सुरुवातही. सोमवारी नाशिकला जाते आहे, तासांच्या दाखल्यासाठी. यादी पाठदुखी यांनी वर दिली तीच छापून घेतली आहे.

पाठदुखी, एक विचारायचं राहिलं. इंटर्नशिपचे तास हॉस्पिटलच्या लेटरहेडवर चालतात, की विद्यापीठाचा शिक्का लागतोच?

पाठदुखी_बर्लिन
१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ५:५५

दोन्ही घ्या. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर विभागवार तास, आणि त्यावर कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का. प्रत्येकाच्या तीन-तीन मूळ प्रती घ्या. सोमवारी लवकर निघा, जेवायच्या सुट्टीच्या आत खिडकीवर पोचलात तर काम त्याच दिवशी पुढे सरकेल. आणि मला निरोप पाठवा, मी माझ्या भाषांतरकाराने कसं मांडलं होतं तो नमुना देते.